फेरी दारात थांबली

ढोलकीचा आवाज आला तशी मार्था पिठाच्या हातानंच दाराकडं धावली. नाताळची फेरी गल्लीत वळली होती. दिवेलागण झालेली, छावणीकडून बोचरं वारं सुटलेलं, अन् त्या वाऱ्यात सगळी वस्ती घराबाहेर पडून चालत होती. म्हातारे मफलर गुंडाळून, बाया लेकरांना शालीत घेऊन. सगळ्यांच्या पुढं कंदील धरून तिचे बाबा, शिमोनराव.

"अहो, आले! चहा टाका!" तिनं आत आवाज दिला.

"किती जणांचा?" रामकिसन स्टोला पंप मारत म्हणाला.

"पातेलं भरून टाका. कमी पडला तर माझी लाज जाईल."

उन्हाळ्यात दोघांनी कोर्टात लग्न केलं. रामकिसन देवगाव रंगारीचा, शेतकऱ्याचा पोरगा, इथं कारखान्यात कामाला. त्याच्या माणसांनी तिकडं दार लावून घेतलं, तिच्या माणसांनी इकडं. "तू आम्हाला मेलीस," असं शिमोनराव तोंडावर म्हणाले होते. आता रागाच्या भरात कोणता बाप असं म्हणत नाही? मार्थानं ते धरून ठेवलं नव्हतं. धरलं असतं तर बापाच्याच गल्लीत खोली घेतली असती का तिनं?

आज सकाळपासून ती नुसती नाचत होती. करंज्या तळल्या, अंगण सारवलं, कामट्यांना कागद चिकटवून चांदणी केली अन् दाराला टांगली. चांदणी असेल त्या दारात फेरी थांबते, गाणं म्हणते, चहा-फराळ घेते अन् त्या घरच्या माणसांना बरोबर घेऊन पुढच्या दारी जाते. लहानपणापासून ती बाबांच्या कोटाचा खिसा धरून या फेरीत चालली होती. आजही ती चपला घालूनच उभी होती. शाल खांद्यावर होती. बाबांनी नुसतं "चल" म्हणावं, एवढंच तिला पाहिजे होतं.

फेरी आधी समोरच्या सारजाबाईच्या दारात गेली. सारजाबाईचा नवरा पावसाळ्यात वारला होता. तिच्या दाराला चांदणी नव्हती. दुखवट्याच्या घरी पहिल्या नाताळाला गात नाहीत, हा फेरीचा जुना नेम. ढोलकी बंद झाली. शिमोनरावांनी कंदील खाली ठेवला, टोपी काढली. सगळे मान खाली घालून उभे राहिले.

"प्रभू, या घराला धीर दे," शिमोनराव म्हणाले.

बायांनी एकेक करून सारजाबाईचा हात दाबला. "धीर धर, बाई." तिथं चहा नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. फेरी वळली.

आता मार्थाचं दार. सरळ निघून गेले तर? मागच्या बाया माना वळवून बघतील, पोरं हसतील. तिनं करंज्यांचं ताट उचललं, परत ठेवलं, परत उचललं.

कंदील तिच्या दारात थांबला.

थांबला! मार्थाला भरूनच आलं. केवढे खंगले होते बाबा! कोटाचा तो खिसा अजून तसाच उसवलेला. ती ताट घेऊन पायरी उतरली. "बाबा," ती म्हणाली, "मला ठावं होतं, तुम्ही येणार."

शिमोनरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी कंदील खाली ठेवला. टोपी काढली.

ढोलकी वाजलीच नाही. कुणी मागं चुळबुळ केली, कुणी खोकलं, मग एकेक मान खाली गेली. मार्था ताट धरून उभी. तिच्या डोक्यावर चांदणी वाऱ्यानं फडफडत होती.

"प्रभू, या घराला धीर दे," शिमोनराव म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग तिची आई, आवडाबाई, पुढं आली. तिनं मार्थाचा हात धरला. दाबला नाही, नुसता घट्ट धरून ठेवला.

"आई, मी हाय की गं," मार्था म्हणाली. "बघ ना, ही काय उभी हाय तुझ्यापुढं."

"धीर धर," आवडाबाई कशीबशी म्हणाली, अन् पदर तोंडाला लावून गर्दीत शिरली.

करंजीला कुणी हात लावला नाही. कंदील उचलला गेला, फेरी पुढं सरकली अन् तिसऱ्या दारात ढोलकी परत सुरू झाली.

रामकिसन कपांनी भरलेली परात घेऊन बाहेर आला. स्टोच्या घरघरीत त्याला काही ऐकू गेलं नव्हतं.

"अरे, गेले बी? चहा नाय घेतला?"

"नाय."

"पण थांबले ना?" त्याचा चेहरा फुलून आला. "मी म्हणलं नव्हतं तुला? बापाचं काळीज असतं ते. जायचंच असतं तर सरळ गेले नसते? पुढल्या साली आत बी येतील, बघ तू."

मार्थानं ताट पायरीवर ठेवलं, टाचा उंचावल्या अन् चांदणीची गाठ सोडायला लागली. गाठ काही सुटेना.

एवढा चहा वाया कशाला घालवायचा, म्हणून रामकिसन परात घेऊन समोर गेला. सारजाबाई अजून उंबऱ्यावरच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"घ्या मावशी, गरम हाय," रामकिसन म्हणाला. "आज आमच्या दारात फेरी थांबली!"

सारजाबाईनं कप घेतला. त्याच्या खांद्यावरून पलीकडं, चांदणीशी झटापट करणाऱ्या मार्थाकडं बघितलं.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "माझ्या बी दारात थांबली."