उलटं पोतं

दरवर्षीप्रमाणे भाऊबीजेला ज्ञानबा कुंभारीहून बहिणीकडं आपल्या शेतातल्या शेंगदाण्याचं पोतं घेऊन आला. मायाक्कानं मूठभर दाणे भाजून चटणी कुटली, भाकरीसोबत वाढली. एरवी वाटीभर संपवणाऱ्या ज्ञानबानं वाटी बाजूला सारली. “पोट बिघडलंय गं.” भाची सोनम मात्र मिटक्या मारत खात होती. मायाक्कानं दाणे डब्यात ओतून पोतं झटकलं. ते उलटं करून भरलेलं होतं. आत लाल फुली. मायाक्का चटणीच्या कारखान्यात कामाला होती. हल्ली ऐन काढणीत पाऊस गाठायचा, शेंगांना बुरशी धरायची. बुरशीचं विष सापडलेली पोती कारखाना शेतकऱ्यांना परत पाठवायचा. त्यांवर लाल फुली तीच मारायची. तिनं सोनमच्या हातातला घास काढून घेतला. “दादा, पोतं उलटं का केलंस?” “भाजल्यावर कायबी व्हत न्हाय, चालतंय की.” तिनं वाटी सरकवली. “मग खा की.” ज्ञानबानं ताटातच हात धुतला.