आ करा, सिस्टर

"आ करा, मावशी. जीभ वर."

शेवंतामावशींनी तोंड उघडलं. गोळी गालात होतीच. सरकारी मनोरुग्णालयात नर्स म्हणून माझे केस पिकले, पण इतका तयारीचा गाल पाहिला नव्हता. गोळी पोटात जाईना, कानातले आवाज थांबेनात आणि मावशींचं घरी जाणं काही होईना.

"लबाड आहात," मी म्हणाले.

"आणि तुमची बीपीची गोळी? रोज खिशातच जाते ना? मी बघते की."

खरं होतं. मला कुठे काय झालंय, असं मला वाटायचं. त्यांनाही नेमकं तेच वाटत होतं.

मग तह झाला. गोळ्या एकत्र घ्यायच्या, तोंडं एकमेकींची तपासायची. मावशी सासूच्या नजरेने तपासत. हळूहळू माझं बीपी उतरलं, त्यांचे आवाजही.

आज लेक त्यांना न्यायला आली. निरोपाला अधीक्षकसाहेबही फाटकाशी होते. रिक्षात चढता चढता मावशी थांबल्या.

"आ करा, सिस्टर."

सगळ्यांदेखत मी आ केला.

"साहेब, उद्यापासून यांचं तोंड तुम्ही तपासायचं. लबाड आहेत."

साहेब लगेच "हो" म्हणाले. माझ्या कुठल्याही मागणीला ते इतक्या लवकर "हो" म्हणाले नव्हते.