कपाखालचा फासा

“वार माझा, ढाल तुझी!” हिल्डिंग नेहमीसारखा गरजला आणि आपला फासा त्यानं उपड्या कपाखाली सरकवला.

“ढाल,” वेंडेला हळूच म्हणाली. तिनंही कप पालथा घातला.

“ढालीमागे केस पिकले तुझे, पोरी.”

“आणि ढाल न धरता तुझे झडले, पप्पा.”

पिर्यो खो-खो हसली. ती मूळची फिनलंडची, खेळात लांबून बाण मारणारी. जीभ मात्र बाणांपेक्षा तिखट. “तुम्ही बापलेक आधी एकमेकांना संपवा. राक्षसाचं मग बघू.”

खेळ चालवणाऱ्या एव्हर्टच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी हा खेळ मांडला जाई. वाटाण्याच्या सूपचे वाडगे बाजूला सारायचे, टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर शिशाचे छोटे योद्धे. आज पुलावर राक्षस उभा होता आणि त्याच्यासमोर बापलेकीचे योद्धे खांद्याला खांदा लावून.

दहा पैलूंच्या फाशावर शून्यापासून नऊपर्यंत आकडे. दर फेरीला ज्यानं त्यानं हवा तो आकडा वर ठेवून आपली ताकद वाटून घ्यायची. नऊ ठेवले तर सगळी वारात, शून्य ठेवलं तर सगळी ढालीत. ढाल धरणारा स्वतःबरोबर शेजाऱ्यालाही झाकतो. कपाखाली डोकावायचा हक्क फक्त एव्हर्टचा. तो मनात हिशेब करी आणि काय झालं तेवढंच सांगे. घाव कोणाचा बसला, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. “रणात धुरळा असतो,” तो म्हणे, “कोण कोणाला बघतो?”

स्वीडनमधल्या उद्देवाला गावची जहाजगोदी बंद पडली तेव्हा वेंडेला शाळेत होती. जहाजांचे पत्रे जोडणारा तिचा बाप घरी खांदे पाडून बसू लागला. विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच बोलायचा. फक्त गुरुवारी, या खुर्चीत, त्याची पाठ ताठ व्हायची. पहिल्याच खेळात तिनं तलवार मागितली होती. “तू ढाल धर,” तो म्हणाला होता, “वार माझ्याकडे लागला.” कितीतरी दिवसांनी त्याचा तो आवाज ऐकून ती हो म्हणाली.

तेव्हापासून हेच चालत आलं होतं. राक्षस पडला की हिल्डिंग टेबलावर मूठ आपटायचा. “बघितलंस? याला म्हणतात घाव!” त्याच्या योद्ध्याच्या हातातली कुऱ्हाड केव्हाच मोडून पडली होती. ती चिकटवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

इतकं बेफाम लढून हा योद्धा जिवंत कसा, याचं वेंडेलाला नवल वाटे. एकदा तिनं एव्हर्टला बाजूला घेऊन विचारलंही होतं, “तू आम्हाला सांभाळून घेतोस ना?”

“मी?” एव्हर्ट दुखावला. “मी नाही.”

त्या गुरुवारी फेरी पुरी झाली नाही. एव्हर्ट कपांखाली डोकावणार, एवढ्यात हिल्डिंग खांदा चोळत उठला. “आज बास. फासे असेच राहू देत. पुढच्या गुरुवारी या धटिंगणाला लोळवतो.”

शुक्रवारी सकाळी सायकलच्या चाकात हवा भरता भरता तो कोसळला.

दफनानंतर कॉफी घेताना गोदीतले जुने सोबती एकामागून एक तेच म्हणत होते. “शेवटपर्यंत लढवय्या.” वेंडेला मान हलवत राहिली.

ती पुन्हा एव्हर्टकडे गेली तेव्हा कप जागच्या जागी होते. इतके दिवस एव्हर्ट ओट्याशी उभ्यानं जेवत होता.

“राहू दे,” तो म्हणाला. “हिल्डिंगचा कप उघडायला नको. त्याच्या योद्ध्याला असाच खिडकीत बसवू, थोरांच्या रांगेत.”

“फुकट?”

“मानानं.”

“मान मिळवायचा असतो, एव्हर्ट. त्यानं डाव टाकलाय. डाव मोजायचा.”

“वेंडेला, हट्ट सोड गं,” पिर्यो म्हणाली. आज तिच्या बोलण्यात तिखट नव्हतं. “नऊच असणार. अंगावर ढाल नाही. राक्षसाचा एक तडाखा बसला की त्याचा योद्धा गेला. एकाच महिन्यात दोनदा पुरणार आहेस का बापाला?”

“मेला तर उभ्यानं मरेल. दयेवर जगलेला नाही चालायचा मला. एव्हर्ट, फासा टाक.”

एव्हर्टनं तिच्याकडे पाहिलं, मग हिल्डिंगच्या कपाकडे. मग राक्षसाचा फासा टाकला. तो गडगडत वाडग्याला आपटला आणि थांबला. नऊ. यापेक्षा मोठा तडाखा नव्हता.

“ढाल नसलेला उरणार नाही,” एव्हर्ट म्हणाला.

पिर्योनं श्वास सोडला. “अरे, मी विसरलेच, मग वाचला की! वेंडेलाची ढाल आहे ना शेजारी. झाकेल ती त्याला.”

वेंडेलानं आपल्या कपाला हात लावला नाही. टेबलावरून वाकून तिनं बापाचा कप उचलला.

शून्य.

“शून्य?” पिर्यो उभीच राहिली. “हिल्डिंगचा? चुकून ठेवला असेल.”

“चुकून नाही,” एव्हर्ट म्हणाला. “पहिल्या गुरुवारपासून शून्यच. मला शपथ घातली होती त्यानं, पोरीला कळू द्यायचं नाही म्हणून.”

“आणि मुठी आपटायचा तो? मग इतकी वर्षं ते राक्षस मारले कोणी?”

एव्हर्ट वेंडेलाच्या कपाकडे बघत होता.

तिनं तो उचलला. खाली नऊ होते, दर गुरुवारसारखेच. मोडक्या कुऱ्हाडीचा योद्धा तिनं तळहातावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ढाल तुझी होती, पप्पा. वार माझा.”