कडेची साखळी

आजोबांच्या बायकोला भरतकामाचं भारी वेड. नवा टाका शिकली की नमुन्याच्या कापडावर त्याची एक ओळ भरायचीच. चाळीस वर्षांत कापड भरलं, कडेची साखळी तेवढी अर्धी राहिली. ती पुरी करायला आजोबा तिच्या माघारी भरतकामाच्या वर्गात, बायकांच्या घोळक्यात येऊन बसू लागले.

महिन्याभराने बाईंनी कापड हातात घेतलं.

"वा आजोबा, हात बसला की तुमचा! सुरुवातीचे हे वेडेवाकडे टाके तेवढे उसवा, की झालं."

"ते तिचे आहेत. दवाखान्यात हात फार थरथरायचा."

बाईंनी कापड परत त्यांच्या हातात दिलं. आजोबांनी कात्री उचलली आणि स्वतःचे सरळ टाके उसवायला घेतले.

"आता मला तिच्यासारखे शिकवा."