उसनी चिडचिड

"आज तुझी चिडचिड मला दे," म्हणत शिरीषने बायकोपुढे मनगट धरलं.

पाळी जवळ आली की मृण्मयी ओव्याचं पाणी प्यायची, कंबर शेकायची. चिडचिड मात्र डॉक्टरांनी दिलेल्या पट्टीतून दिवसभरासाठी दुसऱ्याला देता यायची. शिरीष एरवी टाळायचा. पण वरच्या केळुसकरांचं बाथरूम वर्षभर यांच्या ओट्यावर गळत होतं, आणि या मवाळ माणसाच्या तोंडून "जरा बघता का?" यापलीकडे शब्द फुटत नव्हता.

पट्टी बांधून तो वर गेला. त्याचा आवाज खालपर्यंत आला. पाठोपाठ केळुसकर प्लंबरला फोन लावताना ऐकू आले.

शिरीष डोळे पुसत परतला. मृण्मयी गुणगुणत चहा टाकत होती.

"अगं," तो म्हणाला, "एवढं सगळं डोक्यात घेऊन तू दर महिन्याला नुसती भांडी आपटतेस?"