रंजनाची थाळी

सुरतेत, भेस्तानच्या चाळीत, दारू सोडणाऱ्या आयांचा एकच नियम होता: तल्लफ अनावर झाली की थाळी बडवायची, आणि ऐकणारीने हातातलं काम टाकून धावायचं. त्या दुपारी रंजनाची थाळी वाजली आणि शोभाबाईने हातातलं लाटणं टाकलं. रंजनाच्या दारूपायी सासूने अमळनेरला नेलेली पोर आजच परत यायची होती. आजच ही घसरली? पिठाच्या हातांनीच शोभाबाई धावली, मागोमाग बाकीच्या. "कुठंय ती दारूची पोटली? आण इकडे!" रंजना उंबऱ्यात उभी, डोळ्यांत पाणी, पदराला बिलगलेली पोर. "पोटली नाही वं मावशी. पोरगा झाला की थाळी वाजवतात; ही जन्मली तेव्हा पोरगी म्हणून कुणी वाजवली नव्हती. आज मी वाजवतेय." मागे उभी असलेली सासू आत गेली. ती बाहेर आली ती दुसरी थाळी बडवतच.