कोरं नाक

आमच्या ह्यांचं नाक म्हणजे कंपनीची मालमत्ता. पांढऱ्या रमला रंग नसतो, त्यामुळे चार पिंपांतली रम हुंगायची, चाखायची, थुंकायची आणि कशात काय किती मिसळायचं ते ठरवायचं, सगळी मदार ह्यांच्या नाकावर. म्हणून लग्न झाल्यापासून घरात अत्तर नाही, वासाचा साबण नाही, लसणाची फोडणी तर नाहीच. कांदे सोलले ते फक्त सासूबाईंनी, आणि तेही नाकाने.

आज हे निवृत्त झाले. संध्याकाळी मी मानेला अत्तर चोपडलं, तेल तापवलं आणि मूठभर लसूण ठेचून त्यात टाकला.

"आज कर बाई, काय हवं ते कर," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेवढ्यात मुलगी बाहेरून आली. दारातच थबकली, नाकाला ओढणी लावली, आत येऊन गॅस बंद केला आणि सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. मग माझ्या गळ्यात पडायला म्हणून पुढे आली, पण अत्तराच्या वासाने दोन हात लांबच थांबली.


"आई, बाबांची जागा मला मिळाली. साहेब म्हणाले, इतकं कोरं नाक घडवलं ते तुझ्या आईने."